बर्फाविना हिमयुग : प्रवरेच्या दरडींना लावलेली उसनी फूटपट्टी

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरा-मुळेच्या आयुष्यात हिमनदी कधीही नव्हती. हे वाक्य लिहायची खरं तर गरज पडू नये. पण निघोजच्या कुंडावर सहल घेऊन आलेल्या शिक्षकांच्या तोंडून आणि साम्रदच्या सांदण दरीत उतरणाऱ्या ट्रेकर मंडळींच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं आहे की, 'हे सगळं हिमयुगात बर्फानं कोरलेलं आहे.' ऐकणारी मुलं माना डोलावतात. त्यात त्यांचा दोष नाही. 'हिमयुग' हा शब्दच असा आहे की तो उच्चारला की डोळ्यांसमोर बर्फ येतो, आणि मग बर्फानं काय काय केलं असेल याच्या गोष्टी आपोआप तयार होतात.

या सहलीतल्या गप्पांची समीक्षा करण्यात मला रस नाही. माझा आक्षेप त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मोठ्या परंपरेवर आहे. जवळजवळ अर्धं शतक, चांगल्या विद्वानांनी, चांगल्या ग्रंथांतून, दख्खनच्या नद्यांचा इतिहास हिमालयाच्या आणि आल्प्सच्या घड्याळावर वाचण्याचा प्रयत्न केला. ते घड्याळ चुकीचं निघालं. ते कसं चुकलं, कुणी दुरुस्त केलं, आणि दुरुस्त करतानाही काय सुटलं, हे मराठी वाचकासमोर सलगपणे आलेलं नाही. मी भूशास्त्राचा पदवीधर नाही. नदीकाठानं चालत, मिळतील ते ग्रंथ वाचत जे समजलं त्याच्या आधारे हे लिहितो आहे.

आधी निघोजचा निकाल लावू. पारनेर तालुक्यात कुकडी नदीनं बेसाल्टच्या पात्रात रांजणासारखे खळगे पाडले आहेत. पुराच्या पाण्यात भोवरा तयार होतो, त्यात दगडगोटे अडकतात, ते गरगरत राहतात आणि खडक घासत खाली जातात. बर्फाची इथे काही गरज नाही. आता गंमत अशी की अगदी असेच खळगे स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न शहरात आहेत. १८७२ साली तिथे एक तळघर खोदताना ते सापडले. त्यांतला सर्वांत मोठा साडेनऊ मीटर खोल आणि आठ मीटर रुंद आहे. ते मात्र खरोखरच हिमनदीच्या पोटाखालून जोरानं वाहणाऱ्या पाण्यानं कोरलेले आहेत. म्हणजे आकार एकच, पण कोरणाऱ्याचा पत्ता वेगळा. दोन्हीकडे प्रत्यक्ष काम केलं ते भोवऱ्यातल्या पाण्यानं आणि दगडानं. ल्युसर्नला ते पाणी बर्फातून आलं, निघोजला पावसातून. खळग्याचा नुसता फोटो पाहून यातलं काहीच ठरवता येत नाही.

मग ठरवायचं कशावरून? आजूबाजूच्या पुराव्यावरून. हिमनदी गेल्यावर मागे काय राहतं, याची यादी गेल्या दोनशे वर्षांत पक्की झाली आहे : घासून गुळगुळीत झालेला आणि एकाच दिशेनं ओरखडे पडलेला खडक, लांबून वाहून आणलेले परक्या जातीचे धोंडे, मोठे धोंडे आणि बारीक पीठ एकत्र कालवलेला हिमोढ. आणि ज्यांना असा पुरावा पाहायचाच असेल त्यांना महाराष्ट्र सोडण्याचीही गरज नाही. चंद्रपूरजवळ इरई इथे पैनगंगा चुनखडकावर असे ओरखडे आहेत आणि त्यांच्यावर तालचेर धोंड्यांचा थर बसलेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ साली त्याबद्दल लिहिलं, आणि उष्ण कटिबंधातल्या भारतात बर्फाचा पुरावा, याचं तेव्हाच्या विद्वानांना मोठं नवल वाटलं. पण ते हिमयुग सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचं, भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला असतानाचं. आपल्या जिल्ह्याचा काळा दगड लाव्हारसातून बनला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. ज्या बर्फानं विदर्भातला चुनखडक घासला त्या बर्फानं कळसूबाईला स्पर्श करणं शक्यच नाही, कारण तेव्हा कळसूबाई नव्हतं. आणि मानवाच्या काळातल्या हिमयुगाबद्दल म्हणाल तर, १,६४६ मीटर उंचीच्या त्या शिखरावरचं सरासरी तापमान पाच-सहा अंशांनी उतरवलं तरी ते शून्याच्या जवळपासही येत नाही.

बर्फ दिसण्याचा हा मोह मात्र अडाण्यांचा नाही, हे नोंदवलं पाहिजे. हिमयुगाची कल्पना जगाला पटवून देणारे लुई अगासी १८६५ साली ब्राझीलला गेले आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातही त्यांना हिमनदीचा गाळ दिसू लागला. ती होती उष्ण दमट हवेत कुजलेल्या खडकाची माती आणि तिच्यात उरलेले गोल धोंडे. ज्यानं आल्प्समध्ये बर्फ बरोबर वाचला त्यालाच विषुववृत्तावर तो चुकीचा दिसला. उलट, आल्प्समधल्या हिमनद्या पूर्वी खाली दरीपर्यंत होत्या हे अगासींच्याही आधी ओळखणाऱ्यांत बान्य खोऱ्यातला पेरोदँ नावाचा एक शिकारी होता. त्यानं पुस्तकं वाचली नव्हती. रोजच्या वाटेवरचे ओरखडे पाहिले होते. मला या दोघांची जोडी नेहमी आठवते.

चार हिमयुगांचा साचा

आता मुख्य परंपरेकडे. १९०९ साली पेंक आणि ब्रुकनर यांनी आल्प्सच्या अभ्यासातून चार हिमयुगांचा साचा पूर्ण केला : गुंझ, मिंडेल, रिस, वुर्म. ही बव्हेरियाकडच्या नद्यांची नावं. पुढची कित्येक वर्षं जगात कुठेही नदीच्या पायऱ्या सापडल्या की त्या मोजून चार करायच्या आणि या नावांसमोर मांडायच्या, अशी रीतच पडली. १९३५ साली येल आणि केंब्रिज विद्यापीठांची मोहीम भारतात आली. हेल्मुट डी टेरा आणि टी. टी. पॅटरसन यांनी काश्मीरमधले हिमोढ पाहिले, पोतवार पठारावर सोन नदीच्या पायऱ्या पाहिल्या, आणि मग नर्मदेकाठी व मद्रासकडेही फिरले. १९३९ साली त्यांचा ग्रंथ वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेनं छापला.

हा ग्रंथ मी टीकेसाठी वाचायला घेतला आणि त्याच्याबद्दल आदर घेऊन खाली ठेवला, हे कबूल केलं पाहिजे. इतक्या थोड्या काळात इतकं चालणं, इतके छेद काढणं सोपं नाही. त्याची गडबड सुरू होते ती काश्मीर सोडल्यावर. काश्मीरमध्ये बर्फाचा पुरावा आणि नदीचा पुरावा एकाच डोंगरावर शेजारी शेजारी आहेत. तिथे त्यांची सांगड घालण्यात अर्थ आहे. पोतवारला बर्फ नाही, फक्त नदी आहे. तिथे सांगड अंदाजाची होते. नर्मदेला पोचेपर्यंत ती केवळ साम्याची राहते : तिथे असा थर, इथेही तसा थर, म्हणून काळ एक. प्रत्येक टप्प्यावर पुरावा पातळ होत जातो आणि वाक्यातला आत्मविश्वास मात्र तेवढाच राहतो. पुढे १९८० च्या दशकात रेंडेल आणि डेनेल यांनी सोन खोरं पुन्हा तपासलं तेव्हा मूळ पायऱ्यांचाच पाया डळमळला. ज्यांना नदीनं रचलेल्या पायऱ्या समजलं होतं, त्यांतल्या बऱ्याच नुसत्या झिजेनं उरलेल्या सपाट्या निघाल्या. शिडीची खालची पायरीच नव्हती, आणि तिच्यावर आपण दख्खनपर्यंत चढलो होतो.

या साच्याचं दुसरं अंग होतं 'पर्जन्ययुगा'चं. थंड प्रदेशात हिमयुग तेव्हा उष्ण प्रदेशात धो धो पाऊस, असं समीकरण. पूर्व आफ्रिकेत वेलँड आणि लीकी यांनी अशी पर्जन्ययुगं नावं देऊन मांडली होती आणि पुरातत्त्वाच्या पुस्तकांत ती दशकानुदशकं टिकली. आज आपल्याला माहीत आहे की शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस व्हिक्टोरिया सरोवर, आजचं ते समुद्रासारखं सरोवर, कोरडं पडलं होतं. समीकरण नेमकं उलटं होतं.

नेवाशाची दरड

आपल्या जिल्ह्याचा या कथेत प्रवेश फार जुना आहे. १८६५ साली वीन या भूवैज्ञानिकाला शेवगाव तालुक्यातल्या मुंगीजवळ, गोदावरीच्या गाळात, अकीक दगडाची एक छिलका-पाती मिळाली. रॉबर्ट ब्रूस फुट यांना पल्लावरमला हातकुऱ्हाड सापडून जेमतेम दोन वर्षं झाली होती. भारताच्या अश्मयुगाच्या इतिहासात मुंगीचं नाव इतकं वर आहे आणि मुंगीकरांना ते माहीत नाही, याला आपण सगळे जबाबदार आहोत. १९०५ साली पिलग्रिम यांनी गोदावरीच्या त्याच गाळातल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांबद्दल लिहिलं. मग १९५४ पासून हसमुख सांकलिया यांनी डेक्कन कॉलेजतर्फे नेवाशाला उत्खनन सुरू केलं. ज्ञानेश्वरीच्या नेवाशात लाडमोडच्या टेकाडावर सातवाहन, त्याखाली ताम्रपाषाण, आणि नदीच्या दरडीत त्याच्याही मागचं अश्मयुग. १९६० साली आलेल्या अहवालाच्या नावातच 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' असा उलटा प्रवास आहे. मला ते नाव फार योग्य वाटतं. ज्ञात गोष्टीपासून अज्ञाताकडे जाणं हीच या विषयातली प्रामाणिक दिशा.

सांकलियांनी नेवाशाच्या दरडीत गोट्यांचे थर आणि गाळाचे थर आलटून पालटून पाहिले. खालच्या गोट्यांत हातकुऱ्हाडी. वरच्या गोट्यांत छोटी छिलक्यांची हत्यारं, ज्यांना पुढे 'नेवासीय' हे नाव मिळालं आणि मध्याश्मयुगीन हत्यारांसाठी ते देशभर वापरलं गेलं. त्यांचं वाचन सरळ होतं : गोटे म्हणजे जोरदार पाणी, म्हणजे ओला काळ, बारीक गाळ म्हणजे संथ पाणी, म्हणजे कोरडा काळ. त्यांनी हिमालयाची नावं नेवाशावर चिकटवली नाहीत, हा त्यांचा संयम. त्याच सुमारास झॉयनर यांनी गुजरातच्या नद्यांवर केलेल्या कामातूनही (१९५०) स्थानिक माती, स्थानिक वारा, स्थानिक कोरडेपणा यांवर भर होता. पण 'गोटे म्हणजे पाऊस' हे वाचनही एका अर्थी त्या पर्जन्ययुगाच्या कल्पनेचंच लेकरू होतं.

त्याला आक्षेप काय? अकोल्याच्या डोंगरात जाऊन पाहावं. उतारावर झाडोरा दाट असेल तर धो धो पावसातही दगड जागेवर राहतात. मुळ्या आणि माती त्यांना धरून ठेवतात. झाडोरा विरळ झाला, की वळवाच्या दोन सरींतही सगळा मुरूम आणि गोटे ओढ्यात येतात. म्हणजे गोट्यांचा थर हा पाऊस वाढल्याचा पुरावा असेल, तसा तो पाऊस घटून डोंगर उघडा पडल्याचाही असेल. शरद राजगुरू यांनी डेक्कन कॉलेजात हीच दिशा धरून दख्खनचा गाळ पुन्हा वाचला. माझ्या मते महाराष्ट्राच्या नदीविज्ञानातलं हे सर्वांत महत्त्वाचं वळण आहे, आणि ते एखाद्या नव्या यंत्रामुळे आलं नाही, नदीकडे नदी म्हणून पाहिल्यामुळे आलं.

सांकलियांविषयी आणखी एक गोष्ट. १९६९ साली ते काश्मीरमध्ये पहलगामला गेले आणि लिद्दर नदीकाठच्या हिमनदीच्या गाळात त्यांना दगडी हत्यारं मिळाली. नेवाशाच्या माणसानं शेवटी खऱ्या हिमोढात हात घातला! त्या हत्यारांवर पुढे शंका घेतल्या गेल्या आणि त्या रास्तही आहेत. बर्फ आणि पूर मिळून दगडाला दगडावर आपटतात तेव्हा माणसानं फोडल्यासारखा छिलका सहज निघतो. पण त्या प्रवासातून एक ओढ दिसते : पठारावरच्या नदीला जे नक्की वय मिळत नाही ते बर्फाच्या प्रदेशात मिळेल, ही आशा. ती आशा समजण्यासारखी आहे. ती फळली नाही.

या सगळ्या ग्रंथांत माझ्या सर्वांत जवळचा ग्रंथ गुडरुन कॉर्विनस यांचा. या जर्मन विदुषीनं १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नेवाशाजवळ चिरकीला उत्खनन केलं आणि त्यासाठी प्रवरेचं अख्खं खोरं पायाखाली घातलं. त्यांचे दोन खंड १९८१ आणि १९८३ साली ट्युबिंगनहून निघाले. पहिला नदीच्या थरांचा, दुसरा चिरकीच्या हातकुऱ्हाडींचा. पहिला खंड वाचायला रुक्ष आहे. छेदामागून छेद, थरामागून थर. पण त्यातच त्याची थोरवी आहे. कॉर्विनस दरडीला जे म्हणायचं आहे ते म्हणू देतात आणि मग थांबतात. चिरकीला माणसं का आली, याचं त्यांचं उत्तरही जमिनीवरचं आहे : जवळच काळ्या घट्ट दगडाची भिंत खडकातून वर आलेली होती, हत्यारांसाठी दगड हाताशी होता, पाणी शेजारी होतं. हवामानाचा मोठा सिद्धान्त नाही. त्यांच्या कामाची उणीव सांगायचीच तर ती वयाची. त्या काळी इतक्या जुन्या थरांचं वय काढायची साधनं अपुरी होती. पुढे नेवाशाच्या खालच्या थरातल्या चुन्याच्या गाठींवरून वय काढलं गेलं तेव्हा ते साडेतीन लाख वर्षांच्याही पलीकडचं निघालं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. त्याच दरडीचा वरचा पिवळसर गाळ शेवटच्या हिमयुगाचा, काही दहा हजार वर्षांचा. खाली साडेतीन लाख, वर काही दहा हजार, आणि मध्ये उभं राहिलं तर हात पुरेल इतकं अंतर. म्हणजे मधली लाखो वर्षं त्या दरडीत नाहीतच. नदीनं ती लिहिली असतील आणि पुन्हा पुसली असतील. सलग पुस्तक समजून आपण जे वाचत होतो ती पानं फाटलेली वही आहे. चार थर दिसले म्हणून चार युगं मोजणाऱ्यांची मूळ चूक इथे आहे, आणि ती डी टेरांपुरती मर्यादित नाही.

दोन लेख, दोन वर्षांचं अंतर

१९८७ साली विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांचा एक छोटासा लेख 'नेचर' या नियतकालिकात आला. विषय : वायव्य दख्खनच्या नद्यांचा अलीकडचा गाळ-इतिहास. रेडिओकार्बन पद्धतीनं काढलेली वयं एकत्र मांडून त्यांनी दाखवलं की हिमयुगाच्या उत्तरार्धात, मान्सून दुबळा असताना, या नद्यांनी आपली पात्रं गाळानं भरून काढली. आणि हिमयुग संपून मान्सून जोरात आल्यावर त्यांनी तोच गाळ चिरत खाली कापत नेलं. अरबी समुद्राच्या तळातल्या गाळानंही मान्सूनबद्दल तेच सांगितलं आहे : सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी जगभरचा बर्फ सर्वाधिक होता तेव्हा नैर्ऋत्य वारे मंद, आणि बर्फ वितळून गेल्यावर पहिल्या काही हजार वर्षांत ते जोरकस. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे साळी यांना शहामृगाच्या अंड्याची सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची कवचं मिळाली, तीही याच चित्रात बसतात. शहामृग हा दाट रानातला पक्षी नव्हे. त्याला उघडं, कोरडं माळरान लागतं.

इथे कुणी विचारेल, समुद्राचं काय? हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला होता, त्यामुळे नद्यांनी खाली कापायला हवं होतं. कोकणातल्या नद्यांबाबत हा प्रश्न बरोबर आहे. प्रवरा मात्र टोक्याला गोदावरीला मिळते आणि ते पाणी समुद्रापर्यंत जायला आणखी हजार किलोमीटरच्या आसपास आहे, मध्ये खडकाचे उंबरठे आहेत. बंगालच्या उपसागरातली ती हालचाल नेवाशापर्यंत पोचत नाही. म्हणूनच आपल्या नद्या मान्सूनच्या चांगल्या साक्षीदार आहेत : त्यांच्यावर बर्फाचा दाब नाही आणि समुद्राची ओढही नाही.

दोन वर्षांनी, १९८९ साली, त्याच 'नेचर'मध्ये कॅनडाच्या मायकेल चर्च आणि ओलाव्ह स्लेमेकर यांचा लेख आला. ब्रिटिश कोलंबियातल्या नद्या आज जो गाळ वाहतात तो मुख्यतः आजच्या डोंगरांची झीज नाही; हिमनद्यांनी मागे टाकलेला जुना माल त्या अजून वाहून नेत आहेत, असं त्यांनी दाखवलं. चर्च यांनी जून रायडर यांच्याबरोबर १९७२ सालीच ही कल्पना मांडली होती : हिमनदी मागे हटली की काम संपत नाही, तिथून दुसरं काम सुरू होतं. बर्फानं टेकू दिलेले कडे सुटतात, हिमोढाचे ढीग पावसात सरकतात, मधल्या खोलग्यांत तळी साचतात, नद्या गाळानं तुडुंब होतात. जमीन नव्या हवामानाशी जुळवून घ्यायला हजारो वर्षं घेते.

हे दोन लेख कुणी एकत्र वाचलेले मला दिसले नाहीत, आणि माझ्या मते ते एकत्रच वाचायला हवेत. एकीकडे बर्फ होता, दुसरीकडे नव्हता. पण दोन्हीकडे आजची नदी हिमयुगातली शिल्लक खर्च करते आहे. कॅनडात ती शिल्लक हिमनदीनं ठेवली. प्रवरेकाठी ती दुबळ्या मान्सूननं आणि उघड्या डोंगरांनी ठेवली. या अर्थानं संगमनेरपासून राहुरी-नेवाशापर्यंतच्या त्या घळी आणि दरडी, भूगोलाच्या पुस्तकात ज्यांना उत्खात भूमी म्हणतात त्या, खरोखर हिमयुगाच्या खुणा आहेत. निघोजला बर्फ शोधणारे शिक्षक चुकीच्या ठिकाणी शोधत होते इतकंच. मुख्य नदी खाली गेली म्हणून तिला मिळणाऱ्या प्रत्येक ओहोळाला खाली उतरावं लागलं. ओहोळांची तोंडं मागे मागे खात गेली. भेगाळलेल्या गाळात पाणी शिरून आतल्या आत भुयारं पडली आणि छत कोसळून नवी घळ झाली. उन्हाळ्यात तिथे चाललं की पायाखाली चुन्याच्या गाठी कुरकुरतात. गाळ वाहून गेला, त्या जड म्हणून मागे राहिल्या.

हे लिहिताना 'सगळं मान्सूननं केलं' या नव्या सुटसुटीत गोष्टीबद्दलही सावध राहायला हवं. चार हिमयुगांचा साचा गेला आणि त्याच्या जागी कोरडा-ओला असा दोन कप्प्यांचा साचा आला, तर आपण फार पुढे गेलो असं म्हणता येणार नाही. कुकडीचंच उदाहरण. निघोजच्या वर, जुन्नर तालुक्यातल्या बोरीला तिच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा एक पांढुरका पट्टा आहे. राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, यावर बहुतेकांचं एकमत. पण टोबाच्या कुठल्या स्फोटाची, यावर नाही. १९८९ साली तिचं वय सुमारे १४ लाख वर्षं निघालं, पुढे पावणेसात लाखांच्या आसपास, आणि दुसऱ्या अभ्यासकांच्या मते ती ७५ हजार वर्षांपूर्वीच्या अखेरच्या महास्फोटाची. एकाच पट्ट्याच्या वयात अठरापट-वीसपट फरक! राखेच्या खाली-वर हातकुऱ्हाडी आहेत, म्हणून हा वाद केवळ राखेचा राहत नाही. दख्खनमध्ये माणूस कधी आला त्याचा होतो. नदी जुनी राख उकरून नव्या गाळात टाकू शकते, ही साधी शक्यता दोन्ही पक्षांनी पुरेशी सावकाश तपासली असं मला वाटत नाही. प्रयोगशाळेतला आकडा कितीही काटेकोर असो, नमुना कुठल्या कोपऱ्यातून उचलला यावर त्याचा अर्थ ठरतो. कॉर्विनसचा रुक्षपणा मला म्हणून मोलाचा वाटतो.

हिमालयात हाच विषय आज जिवावर बेतणारा झाला आहे. केदारनाथला जून २०१३ मध्ये वरचं चोराबाडी तळं फुटलं. त्याला आपल्याकडचे यात्रेकरू गांधी सरोवर म्हणून ओळखायचे. ते हिमनदीच्या हिमोढानं अडवलेलं होतं, आणि खालची वस्तीही हिमनदीनंच सोडलेल्या मालावर वसलेली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक तळ्यात काठचा हिमोढ कोसळला आणि त्या लाटेनं खाली चुंगथांगचं धरण नेलं. दोन्ही वेळा मराठी बातम्यांत 'ढगफुटी' हा एकच शब्द घुमत राहिला. पाऊस होता, पण नुसत्या पावसानं ती घटना समजत नाही. मागे हटलेल्या बर्फानं उघडा टाकलेला माल हे तिचं अर्धं कारण आहे. जी चूक नेवाशाच्या गोट्यांबाबत झाली तीच इथे : माल किती साचला आहे हे न पाहता फक्त पाणी किती आलं ते मोजणं.

आपल्या घळींचं काय चाललं आहे? त्या झपाट्यानं सपाट होत आहेत. प्रवरेच्या कालव्यांनी आणि १९५० साली प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यानं या खोऱ्यात उसाची किंमत वाढवली, आणि जेसीबी आल्यापासून घळी भरून रान करणं दोन-चार दिवसांचं काम झालं. ज्याच्या वाट्याला वडिलोपार्जित जमिनीत तीन एकर घळच आली त्यानं ती पडीक ठेवावी असं सांगण्याचा मला अधिकार नाही. पण भरलेली घळ ही बुजलेली घळ नसते. मुख्य ओढा खालीच आहे, पाण्याला तिथेच उतरायचं आहे. मोठ्या पावसात भरावातून जुनी वाट पुन्हा फुटते, कधी भर शेतात एक गोल भोक पडून. बांधाच्या खालच्या बाजूला दगडी सांडवा न ठेवता केलेल्या भरावांत मी हे ठिकठिकाणी पाहिलं आहे. हिमयुगाची शिल्लक ती सरकवता येते, रद्द करता येत नाही.

आणि दरडींबरोबर पुरावाही जातो. जोर्वे, दायमाबाद, नेवासा ही नावं जगभरच्या पुरातत्त्वात आहेत आणि ही सगळी ठिकाणं याच गाळावर बसलेली आहेत. वाळू उपशानं खालचे गोट्यांचे थर जातात, सपाटीकरणानं वरचा गाळ. बोरीच्या राखेचा वाद उद्या अधिक चांगल्या पद्धतीनं सुटू शकेल, पण त्यासाठी राख जागेवर असली पाहिजे. चिरकीसारख्या एखाद-दुसऱ्या ठिकाणाला कुंपण घालून हे भागणार नाही, कारण छेदाचा अर्थ शेजारच्या छेदाशी ताडून लागतो. संगमनेर ते टोका या टप्प्यातल्या पंधरा-वीस चांगल्या दरडी निवडून, त्यांची उंची मोजून, थर काढून, फोटो घेऊन ठेवणं हे काम तालुक्याच्या महाविद्यालयांतल्या भूगोल विभागांना दोन उन्हाळ्यांत जमण्यासारखं आहे. त्याला लागते ती मोजपट्टी, वही आणि जमीनमालकाशी नीट बोलण्याची तयारी. कॉर्विनसचा पहिला खंड बरोबर असेल तर उत्तम. तिनं काढलेले छेद आज कुठे उरले आहेत, तिथूनच सुरुवात करावी.